पार्टीची निमंत्रणं घरीच बनवायची असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी साधा इंकजेट प्रिंटर आहे, पन्नासेक पाहुणे बोलवायचे आहेत, डिझाईनचं काही शिक्षण नाही, तर निमंत्रणं घरच्या घरी नीट जमतील का आणि पहिलं पाऊल कोणतं? जमतील, आणि छान जमतील. मी बरीच वर्षं घरच्या आणि मैत्रिणींच्या कार्यक्रमांची निमंत्रणं स्वतःच करत आलेय, त्यामुळे हे खात्रीने सांगते.

फक्त डिझाईनपासून सुरुवात करू नका. आधी मजकूर, मग पाकीट, मग कागद, आणि चित्र-सजावट सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात. ॲपमधला एखादा नमुना आवडतो, त्यात आपला मजकूर कोंबला जातो, मावत नाही म्हणून अक्षर बारीक केलं जातं, आणि सगळं छापून झाल्यावर कळतं की या मापाचं पाकीटच मिळत नाही.

मजकूर एका साध्या कागदावर पेनाने लिहून काढा. कोण बोलावतंय, कशासाठी, कुठल्या वारी, किती तारखेला, किती ते किती, कुठे, आणि येणार की नाही ते कोणाला नि कधीपर्यंत कळवायचं. यातली 'किती ते किती' ही गोष्ट लोक हमखास गाळतात. 'संध्याकाळी ७ वाजता' एवढंच लिहिलं तर लहान मुलं असलेल्या घराला मुलांना किती वाजता झोपवता येईल याचा अंदाज येत नाही, आणि लांबून येणाऱ्याला परतीची सोय ठरवता येत नाही. 'शनिवार, १४ मार्च, संध्याकाळी ७ ते १०' असं लिहा. वार आणि तारीख कॅलेंडर समोर धरून जुळवा. निमंत्रणात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि वार-तारीख जुळली नाही की प्रत्येक पाहुणा फोन करून विचारतो. मध्यरात्रीची पार्टी असेल तर 'रात्री १२' एवढ्यावर सोडू नका. कोणत्या दिवसाची रात्र, हे शब्दांत लिहा, नाहीतर अर्धी मंडळी चोवीस तास उशिरा उगवतील.

'लवकर कळवा' याला काही अर्थ नाही. 'अमुक तारखेपर्यंत कळवा' याला आहे. ही तारीख कार्यक्रमाच्या साधारण आठवडाभर आधीची ठेवा आणि विचारायचं ते नेमकं विचारा: किती मोठे, किती मुलं, कोणाला काही खाण्याचं पथ्य आहे का. मुलांना बोलावलंय की नाही हेही स्पष्ट असावं. संकोचाने ते मोघम ठेवलं की यजमानही अवघडतो आणि पाहुणाही. सरप्राईज पार्टी असेल तर 'उत्सवमूर्तीला सांगू नका' ही ओळ मोठ्या अक्षरात हवी, आणि पाहुण्यांनी किती वाजायच्या आत पोचायचं तेही.

मजकूर तयार झाला की मोजणी. पन्नास पाहुणे म्हणजे पन्नास कार्डं नव्हेत. एका घरी एकच कार्ड जातं, त्यामुळे घरं मोजा. बहुधा पंचवीस-तीसच भरतील. त्यावर चार-पाच जास्तीची धरा. कापताना एखादं बिघडतं, आणि ऐनवेळी कोणीतरी आठवतंच.

आता पाकीट. पाकीट आधी का, तर कार्ड पाकिटाच्या मापाने कापता येतं, पाकीट मात्र कार्डाच्या मापाचं शोधत हिंडावं लागतं. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. तो मधोमध कापला की दोन ए५ होतात, आणखी एकदा कापला की चार ए६, म्हणजे १०५ × १४८. दर वेळी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. या मापांची सगळी खुबी तीच आहे. जर्मनीत १९२२ साली हे माप प्रमाण म्हणून ठरलं आणि आता ते बहुतेक जगभर चालतं. याच मापांना जुळणारी पाकिटं तयार मिळतात: ए६ साठी सी६ (११४ × १६२), ए५ साठी सी५ (१६२ × २२९), आणि ए४ च्या तीन समान घड्या घातल्या तर डीएल (११० × २२०). तुमच्यासाठी मी सी६ पाकीट आणि ए६ कार्ड सुचवेन. एका कागदात चार कार्डं निघतात, त्यामुळे तीस कार्डांना आठ कागद पुरतात. मजकूर जास्त असेल तर ए५ कागद मधोमध दुमडून ए६ चं घडीचं कार्ड करा. पाकीट तेच राहील.

कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. रोजचा छपाईचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो, त्याचं कार्ड लुळं पडतं. २०० ते २५० जीएसएमचा मॅट कागद हातात घेतल्यावर कार्डासारखा वाटतो आणि बरेच घरगुती प्रिंटर तो ओढतात. पण तुमचा प्रिंटर किती जाडी घेतो ते त्याच्या माहितीपुस्तिकेत बघूनच कागद आणा. ज्या प्रिंटरमध्ये कागद मागून उभा घालता येतो तिथे तो फारसा वाकत नाही. समोरच्या ट्रेमधून जाणारा कागद आत जवळजवळ पूर्ण उलटा वळतो आणि जाड कागद तिथेच अडकतो. एका वेळी एकच कागद घाला, आणि सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'मॅट' किंवा 'जाड' निवडा. हे न निवडता साध्या कागदाच्या सेटिंगवर छापलं की शाई कमी-जास्त पडते. गुळगुळीत चकचकीत कागद घेणारच असाल तर तो इंकजेटसाठीचाच हवा. लेसर प्रिंटरसाठीच्या चकचकीत कागदावर इंकजेटची शाई मुरत नाही, तशीच वर राहते आणि बोट लागलं की पसरते.

मला विचाराल तर घरी करायच्या निमंत्रणात सगळ्यात देखणं काय दिसतं? रंगीत कागदावर एकाच काळ्या शाईची छपाई. फिकट पिवळा, फिकट हिरवा, मातकट तपकिरी असा कागद घ्यायचा आणि त्यावर फक्त अक्षरं. पांढऱ्या कागदावर पूर्ण रंगीत पार्श्वभूमी छापायला गेलं की तिन्ही बाजूंनी त्रास होतो. शाई भरपूर जाते, कागद ओला होऊन वाकतो, आणि घरगुती प्रिंटर बहुधा कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, त्यामुळे भोवती पांढरी पट्टी राहते. गडद कागद मात्र छपाईला घेऊ नका. इंकजेटची शाई पारदर्शक असते आणि घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. गडद निळ्यावर काहीही छापा, ते दिसतच नाही. गडद कागदच आवडत असेल तर त्यावर पांढऱ्या जेल पेनाने हाताने लिहा, किंवा फिकट कागदावर छापलेला तुकडा त्यावर चिकटवा.

अक्षरांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण डिझाईनवरचे बहुतेक सल्ले रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात आणि ते देवनागरीला जसेच्या तसे लावले की कार्ड बिघडतं. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवलं की मथळा उठावदार दिसतो, हा त्यातलाच एक. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. ते सेटिंग शून्यावरच ठेवा. मथळा मोठा दिसायला हवा असेल तर अक्षर मोठं करा किंवा भोवती मोकळी जागा सोडा. मजकूर गोलाकार वळवायची सोय अनेक ॲपमध्ये असते, पण तिथे वेलांट्या, काने आणि जोडाक्षरं सुटी पडतात. वळवायचाच असेल तर प्रत्येक शब्द तपासा. ओळींमधलं अंतरही जास्त हवं. आपल्याकडे वर रफार, अनुस्वार, मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे अक्षराच्या आकाराच्या साधारण दीडपट अंतर ठेवलं तरच वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकत नाही.

फॉन्ट दोनच ठेवा, एक मथळ्याला आणि एक मजकुराला. मजकुरासाठी 'मुक्त' स्वच्छ दिसतो, मुलांच्या पार्टीच्या मथळ्याला 'बालू' गुबगुबीत आणि आनंदी दिसतो, आणि जरा भारदस्त निमंत्रणासाठी 'तिरो देवनागरी मराठी' मला फार आवडतो, कारण त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. तिन्ही विनामूल्य आणि युनिकोड (म्हणजे अक्षरं साठवायची सगळीकडे एकच असलेली पद्धत वापरणारे) आहेत. जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट टाळा. दुसऱ्या संगणकावर फाईल उघडली की तिथे तो फॉन्ट नसतो आणि निमंत्रणाच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. छापायची फाईल पीडीएफ करून घेतली, फॉन्ट त्यातच समाविष्ट केले, की हा धोका टळतो. मजकूर ११ पॉईंटच्या खाली नेऊ नका. पाहुण्यांत आजी-आजोबा असतील तर १२ किंवा १३.

चित्र वापरणार असाल तर ३०० डीपीआयचं, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके बसतील असं. ए६ आकाराला म्हणजे साधारण १२४० × १७४८ पिक्सेल. आलेल्या मेसेजमधून उतरवलेलं छोटं चित्र पडद्यावर बरं दिसतं आणि कागदावर फुटतं. पडद्यावरचे झगझगीत रंग कागदावर जरा मंद उतरतात, हेही गृहीत धरा.

कार्डाच्या कडेने बारीक चौकट आखायचा मोह सगळ्यांना होतो. घरच्या कामात ती नकोच. हाताने कापताना मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होतंच. चौकट नसेल तर ते कोणाला कळतही नाही. चौकट असेल तर एका बाजूची पट्टी रुंद आणि दुसरीची अरुंद दिसते, आणि नजर पहिली तिथेच जाते. कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत काहीच महत्त्वाचं नको. दोन्ही बाजूंनी छापणार असाल तर पुढचं-मागचं तंतोतंत जुळण्यावर अवलंबून असलेलं डिझाईनही नको, घरच्या प्रिंटरमध्ये कागद थोडा सरकतोच. कागद कुठल्या बाजूने घालायचा ते कळायला एका साध्या कागदावर पेन्सिलने बाण काढून आधी एक फेरी करून बघा.

छापताना 'पानात बसवा' हा पर्याय निवडलेला असेल तर काढून 'मूळ आकार' किंवा १०० टक्के करा, नाहीतर कार्ड गुपचूप थोडं लहान होतं आणि मापं चुकतात. पहिली प्रत साध्या कागदावर काढा, कापा, पाकिटात घालून बघा. मग ती प्रत ज्याने मजकूर लिहिलेला नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला द्या. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण डोळे कागदावरचं न वाचता मनातलं वाचतात. फोन नंबर असेल तर तो कागदावरून बघून प्रत्यक्ष लावून बघा. मगच जाड कागद घाला, आणि छापलेले कागद शाई पूर्ण सुकेपर्यंत एकमेकांवर ठेवू नका.

कापायला कात्री नको. स्टीलची पट्टी, धारदार कटर आणि खाली जाड पुठ्ठा किंवा कटिंग मॅट. पट्टी कार्डाच्या भागावर ठेवायची, टाकाऊ भागावर नाही. मग पातं घसरलंच तर ते टाकाऊ भागात जातं आणि कार्ड वाचतं. एकदाच जोर लावून कापू नका. हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. पट्टी धरणारी बोटं पात्याच्या वाटेत नसावीत आणि पात्याचं टोक बोथट झालं की लगेच बदलावं. कागदाच्या कडेला सुतं निघायला लागली की समजायचं धार गेली. मुलं मदतीला असतील तर कापायचं काम मोठ्यांनी करावं. मुलांना पाकिटं चिकटवायला, ठसे मारायला द्यावं.

घडीचं कार्ड असेल तर आणखी एक गोष्ट. कागदाचे तंतू एका दिशेने पडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ पडते, आडवी घातली तर जाड कागदाच्या घडीवर भेगा पडतात आणि छपाईचा रंग सोलल्यासारखा दिसतो. दिशा ओळखायला कागद न दुमडता एकदा लांबीकडून आणि एकदा रुंदीकडून हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला तंतू समांतर असतात. ए४ कागदाचे तंतू लांबीच्या दिशेने असतील तर त्याचे दोन ए५ करून मधोमध घडी घाला, घडी आपोआप तंतूंना समांतर येते. दुमडण्याआधी घडीच्या जागी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा. या रेघेमुळे कागदाच्या दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. तो घडीच्या आत राहील अशा रीतीने दुमडा. इतकी साधी गोष्ट, पण ती केलेलं आणि न केलेलं कार्ड शेजारी ठेवून पाहिलं की फरक लगेच दिसतो.

सजावटीत मी हात आखडताच ठेवते. खोडरबरावर कोरलेला एखादा ठसा पुरतो (अक्षर कोरणार असाल तर उलटं कोरा, आरशातल्यासारखं). पातळ गोंदाने कागद ओला होऊन सुरकुततो, त्याऐवजी ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. मणी, जाड फुलं पाकिटात दबून मोडतात आणि पोस्टाने पाठवायचं असेल तर पाकीट फुगतं. चमकी तर मुळीच नको. ती पाहुण्यांच्या सोफ्यावर, कपड्यांवर महिनोन्महिने राहते, आणि बहुतेक चमकी प्लास्टिकचीच असते.

पत्त्यासाठी क्यूआर कोड छापायचा असेल तर तो निदान २ सेंटिमीटरचा असू द्या, भोवती पांढरी मोकळी कड सोडा, आणि छापून झाल्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनने तपासा. नकाशाची मूळ लिंकच कोडमध्ये घाला. कोड बनवून देणाऱ्या काही मोफत सेवा मूळ लिंकऐवजी स्वतःची लिंक घालतात आणि तिची मुदत संपली की कोड निकामी होतो. कोड असला तरी पत्ता अक्षरांतही हवाच.

व्हॉट्सॲपवरही पाठवणार असाल तर १०८० × १९२० चं उभं चित्र फोनवर नीट बसतं. चित्र म्हणून पाठवलं की ते दाबलं जाऊन अक्षरं धूसर होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर तसं होत नाही. खाली वार, तारीख, वेळ आणि पत्ता साध्या मजकुरात पुन्हा लिहा. चित्रातला पत्ता कॉपी करून नकाशात टाकायला त्रास पडतो, आणि दृष्टिहीन पाहुण्याचा फोन चित्रातली अक्षरं वाचून दाखवेलच असं नाही.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. कार्डाच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर जागा कोरी सोडा आणि तिथे प्रत्येक घरासाठी एक ओळ स्वतःच्या हाताने लिहा. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा या रोमन किल्ल्याच्या उत्खननात लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली, त्यात वाढदिवसाचं एक निमंत्रण आहे, साधारण इसवी सन १०० च्या सुमाराचं. क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईने सल्पिसिया लेपिडिना या मैत्रिणीला ११ सप्टेंबरला आपल्या वाढदिवसाला बोलावलंय. मुख्य मजकूर लेखनिकाच्या सुबक अक्षरात आहे, आणि खाली सेव्हेराने स्वतःच्या हाताने, जरा वाकड्यातिकड्या अक्षरात, मी तुझी वाट बघतेय, अशा अर्थाच्या ओळी घातल्या आहेत. हे पत्र आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि एका स्त्रीने स्वहस्ते लिहिलेल्या सर्वांत जुन्या लॅटिन मजकुरांमध्ये त्या ओळींची गणना होते. माहिती लेखनिकाने लिहिली, ओढ तिने स्वतः लिहिली. तुमच्या घरी लेखनिकाचं काम प्रिंटर करेल. दुसरं काम त्याला देऊ नका.

ही ओळ 'आपण अवश्य यावे' अशी नको, ते छापील मजकुरात येऊन गेलेलं असतं. त्या घरालाच लागू पडेल असं काही लिहा: 'तुमची पेटी घेऊन या, गाणी तुमच्यावर सोपवलीत', 'नव्या घरात गेल्यापासून भेटच नाही, या वेळी सुटका नाही', 'धाकटीला सांगा, मांजराची पिल्लं आता मोठी झालीत'. अक्षर चांगलं नाही म्हणून अडू नका, पाहुणे तुमचं अक्षर ओळखतात. मॅट कागदावर जेल पेन किंवा बॉलपेन दोन्ही चालतात. चकचकीत कागदावर जेल पेनची शाई बराच वेळ ओली राहते, तिथे आधी कोपऱ्यात लिहून बोट फिरवून बघा. छापील शाईही ओल्या बोटाने एकदा तपासा. पसरत असेल तर पावसाळ्यात पाकिटावरची नावं प्रिंटरने न छापता पाणी न लागणाऱ्या पेनाने लिहा.

वेळेचं म्हणाल तर निमंत्रणं कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी पाहुण्यांच्या हातात पडावीत, आणि बनवायला सुरुवात त्याच्याही दोन आठवडे आधी करावी. छापणं आणि कापणं एका दिवसात होतं, हाताने लिहायचं काम मात्र दोन-तीन संध्याकाळी मिळून करा, एका बैठकीत केलं तर शेवटच्या ओळी उरकल्यासारख्या होतात. घरांची यादी एका कागदावर ठेवा आणि समोर दोन रकाने आखा: पोचलं का, उत्तर आलं का. कळवायची तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी राहिलेल्यांना फोन करा. बहुतेक जण यायचं ठरवून बसलेले असतात, कळवायचं तेवढं राहून गेलेलं असतं.

तुमच्या प्रिंटरचं मॉडेल खाली लिहिलंत तर तो किती जीएसएमपर्यंत कागद घेतो आणि कुठून घालायचा, ते बघून सांगते.